शून्य, टॅब आणि टिंब : लिंटच्या नियमांची कुळकथा

रात्रीचे पावणेबारा वाजले होते. एका वेब ॲप्लिकेशनची नवी कॉन्फिग फाइल सर्व्हरवर चढवली, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि ती उठेचना. लॉगमध्ये एकच तक्रार होती: फाइल वाचायची परवानगी नाही. मी माझ्या लॉगिनने तीच फाइल उघडून पाहिली, सरळ उघडली. रूटने पाहिली, तरी उघडली. ज्या युजरच्या नावावर ती फाइल होती, नेमकी त्यालाच ती वाचता येत नव्हती. सातबारा ज्याच्या नावावर, त्यालाच शेतात पाऊल ठेवायला बंदी!

कारण सापडायला दोन तास गेले. युनिक्समध्ये फाइलच्या परवानग्या अष्टमान आकड्यांत लिहितात. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. म्हणून ०६४४ याचा अर्थ मालकाने वाचावं आणि लिहावं, इतरांनी फक्त वाचावं. सर्व्हरची मांडणी करणाऱ्या ॲन्सिबल या हत्याराच्या फाइलमध्ये मी ६४४ लिहिलं होतं, पुढचं शून्य राहून गेलं होतं. ती फाइल यामल नावाच्या लेखनरचनेत असते, आणि तिथे आकड्याआधी शून्य असेल तर तो अष्टमान, नसेल तर साधा दशमान धरला जातो. माझे सहाशे चव्वेचाळीस अष्टमानात उतरले ते १२०४ होऊन. पुढचा १ बाजूला ठेवू. उरलं काय, तर मालकाला २, गटाला ०, बाकीच्यांना ४. मालकाने लिहावं पण वाचू नये, आणि वाटेवरच्या कुणीही वाचावं.

ही चूक पकडणारा नियम कित्येक वर्षांपासून एका मोफत मिळणाऱ्या हत्यारात तयार होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आम्ही ते हत्यार चालवतच नव्हतो. त्या दिवसापासून मला या नियमांच्या घराण्याची ओढ लागली. कुणी लिहिले, का लिहिले, कोणाची कुठली रात्र किंवा सकाळ वाया गेली म्हणून लिहिले?

घराण्याचा मूळपुरुष शोधायला फार लांब जावं लागत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या मरे हिल इथे बेल लॅब्जचं मोठं केंद्र होतं. युनिक्स तिथलंच, सी भाषाही तिथलीच. १९७०च्या दशकात तिथे स्टीफन जॉन्सन नावाचा माणूस काम करत होता. भाषांची व्याकरणं हाताळणारं 'याक' हे हत्यार त्याचं. युनिक्समधल्या शुद्धलेखन तपासनीसाची पहिली आवृत्ती त्यानेच १९७५ मध्ये एका दुपारी लिहिली. मजकुराचे शब्द सुटे करायचे, क्रमाने लावायचे, दुबार आलेले काढून टाकायचे आणि उरलेले कोशातल्या यादीशी ताडून पाहायचे. जो शब्द यादीत नाही तो समोर ठेवायचा, निर्णय माणसाने घ्यायचा. चूक आहे असं ठामपणे न म्हणता 'इकडे एकदा बघा' म्हणण्याची या घराण्याची रीत त्या दुपारीच पडलेली दिसते.

याच जॉन्सनची एक सकाळ वाया गेली. प्रोग्रॅममधली चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली, आणि तो अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसला. तणतणत तो सहकारी स्टुअर्ट फेल्डमन याच्या खोलीत शिरला. फेल्डमनलाही आदल्या दिवशी असाच मनस्ताप झाला होता. त्यातून १९७६ मध्ये 'मेक' जन्माला आलं. कुठली फाइल कशावर अवलंबून आहे हे एका मेकफाइलमध्ये लिहून ठेवायचं, बदल झाला की लागेल तेवढंच पुन्हा कंपाइल व्हायचं. ही मेकफाइल म्हणजे आजच्या कॉन्फिग फाइलची थोरली बहीणच.

मेकफाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबने सुरू करावी लागते. आठ स्पेस दिल्या तर डोळ्याला फरक दिसत नाही, मेकला मात्र चालत नाही. फेल्डमनने पुढे स्वतःच सांगितलं आहे की त्याने सोपा मार्ग म्हणून टॅब धरला, आणि काही आठवड्यांतच डझनभर लोक मेक वापरू लागले. ते बहुतेक त्याचे मित्रच होते, त्यांचं बिघडू नये म्हणून त्याने टॅब तसाच ठेवला. त्या डझनभर मित्रांपायी जगभरच्या प्रोग्रॅमरांनी न दिसणाऱ्या टॅबपुढे किती तास घालवले असतील! तरीही मेकचं मोल मोठंच आहे. २००३ सालचा एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार फेल्डमनला मेकसाठीच मिळाला.

मग १९७७ आलं. युनिक्स तोवर मुख्यतः पीडीपी-११ या १६ बिटांच्या यंत्रावर चालत होतं. जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी ते इंटरडेटा ८/३२ या ३२ बिटांच्या यंत्रावर नेण्याचं काम हाती घेतलं. एका यंत्रावर वर्षानुवर्षं सुरळीत चाललेले सी प्रोग्रॅम दुसऱ्यावर कोसळू लागले. त्यातला एक नमुना जॉन्सनने लिहून ठेवला आहे. प्रोग्रॅम एकेक अक्षर वाचतो, ते अक्षरासाठीच्या डब्यात ठेवतो आणि डब्यातली किंमत शून्यापेक्षा कमी झाली की फाइल संपली असं समजतो. पीडीपी-११वर अक्षराच्या डब्यात ऋण संख्या मावत असे, म्हणून हे चालून जाई. ज्या यंत्रांवर अक्षर नेहमी धनच असतं, तिथे फाइल संपल्याचं प्रोग्रॅमला कधी कळतच नाही. कंपायलरच्या दृष्टीने या ओळीत काहीच वावगं नव्हतं.

अशा जागा हुडकण्यासाठी जॉन्सनने वेगळा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं लिंट. लिंट म्हणजे कपड्यावरून सुटणारी लव. काळ्या पँटबरोबर टॉवेल धुवायला टाकला की पँटवर पांढरे तंतू चिकटतात ना, तेच. कपडा फाटलेला नसतो, घालताही येतो, पण घालण्याआधी आपण झटकतो. मराठीत हे काम आपण तांदूळ निवडणं म्हणून ओळखतो. खडा बाजूला काढायचा, तांदूळ शिजवणं हे पुढचं वेगळं काम. जॉन्सनने हीच विभागणी केली. कंपायलरने झटपट भाषांतर करावं, लिंटने सवडीने आणि सगळ्या फाइली एकत्र समोर घेऊन पाहावं. कंपायलर एका वेळी एकच फाइल बघे, त्यामुळे इथे दोन मूल्यं मागणारं फंक्शन तिकडच्या फाइलीतून तीन मूल्यं देऊन बोलावलं, तरी त्याला पत्ता लागत नसे. लिंटला लागे. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर लिंट बेल लॅब्जच्या बाहेर पडलं आणि त्याचं विशेषनाम हळूहळू सामान्यनाम झालं. आज आमच्याकडे 'लिंट चालवलंस का?' असंच विचारतात.

लिंटमधली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. पहिल्यापासूनच त्याला गप्प करण्याची सोय होती. प्रोग्रॅमरने ठरावीक शब्दांची टीप लिहिली की लिंट त्या जागेपुरतं बोलत नसे. 'इथे प्रोग्रॅम पोचणार नाही', 'ही माहिती वापरलेली नाही, मला ठाऊक आहे', अशा अर्थाच्या त्या टिपा. तपासणाऱ्याला शंका घ्यायचा हक्क आणि लिहिणाऱ्याला 'पाहिलं आहे, असंच हवं आहे' म्हणायचा हक्क, हे दोन्ही एकाच दिवशी जन्मले. आजच्या बहुतेक लिंटरमध्ये ही सोय आहे. ती ज्यात नाही असा तपासनीस मी वापरणार नाही.

आता कॉन्फिग फाइलींकडे वळू. प्रोग्रॅमला निदान कंपायलर नावाचा एक दारवान तरी असतो. कॉन्फिग फाइलला बहुधा तोही नाही. ती लिहिली की थेट चालत्या सर्व्हरच्या पोटात जाते, आणि व्याकरणात बसलं की सर्व्हर ते निमूट गिळतो. काही शहाण्या लोकांनी यावर लवकर उपाय केले. रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवू देणाऱ्या सुडोची परवानग्यांची फाइल बिघडली तर ती दुरुस्त करायचा अधिकारच हातातून जाऊ शकतो, म्हणून ती फाइल व्हिसुडो या खास आज्ञेतून संपादित करतात. चूक असेल तर ते तिथल्या तिथे अडवून विचारतं. पण हे व्याकरणापुरतं झालं. व्याकरणात बसणारी आणि तरीही घात करणारी चूक कोण अडवणार?

तशा चुकीचा सर्वांत लख्ख नमुना स्वीडनचा आहे. वेबसाइटच्या नावांची जी डीएनएस व्यवस्था आहे, तिच्या फाइलींत पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यावं लागतं. टिंब नसेल तर नाव अर्धवट आहे असं समजून सर्व्हर त्याला फाइलीतलं मूळ नाव जोडतो. हा नियम १९८७च्या आरएफसी १०३५ या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेला आहे. १२ ऑक्टोबर २००९, सोमवारची रात्र. स्वीडनच्या डॉट एसई या नावांची मुख्य फाइल तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये बदल झाला होता, आणि त्या बदलानंतर शेवटचं टिंब पडेनासं झालं. प्रत्येक नावापुढे आणखी एक एसई चिकटलं. नऊ लाखांहून जास्त नावं त्या शेपटाखाली होती. चूक लवकर सापडली आणि दुरुस्तही झाली, पण चुकीची उत्तरं जगभरच्या सर्व्हरांनी साठवून ठेवली होती. ती विरेपर्यंत स्वीडनच्या साइट आणि मेल अडखळत राहिले. फाइल व्याकरणशुद्ध होती. टिंब नसलेलं नावही डीएनएसच्या व्याकरणात बसतं, त्याचा अर्थ तेवढा निराळा होतो. दिन आणि दीन दोन्ही मराठीत शुद्धच.

नियम कागदावर २२ वर्षं होता. वाचणाऱ्यालाच तो अडवतो, आणि घाईत कुणी वाचत नाही. कागदावरचा नियम आणि चालणारा नियम यांतलं अंतर आधी ओळखणाऱ्यांत डेव्हिड बार हे नाव मला आदराने घ्यावंसं वाटतं. डीएनएस चालवताना लोक नेहमी कुठे चुकतात, याची जंत्री त्याने १९९६ मध्ये आरएफसी १९१२ म्हणून प्रसिद्ध केली. डीएनएसमधली माहिती पिंजून चुका दाखवणारा 'डीएनएसवॉक' हा प्रोग्रॅमही त्याचाच. ज्याने चुकांची वही ठेवली, त्यानेच ती वही यंत्राला वाचायला दिली.

सर्व्हर दहा-वीस होते तोवर माणूस प्रत्येकावर जाऊन फाइल बघे. ते शेकड्यांनी, हजारांनी वाढले तेव्हा कॉन्फिगच प्रोग्रॅमसारखी लिहायची पद्धत आली. ओस्लोमध्ये मार्क बर्जेस याने १९९३ मध्ये सीएफइंजिन सुरू केलं, २००५ मध्ये ल्यूक केनीसचं पपेट आलं, २००९ मध्ये शेफ, २०१२ मध्ये मायकेल डीहानचं ॲन्सिबल. शेवटच्या तिघांमागोमाग लिंटरही आले. पपेटला टिम शार्पचा पपेट-लिंट, शेफला अँड्र्यू क्रम्पचा फूडक्रिटिक, ॲन्सिबलला विल थेम्सचा ॲन्सिबल-लिंट. शेफ म्हणजे आचारी, त्याच्या फाइली म्हणजे पाककृती, म्हणून तपासणारा खाद्यसमीक्षक. सर्व्हर सांभाळणाऱ्या लोकांना हे मनापासून सुचलेलं नाव आहे.

ॲन्सिबल-लिंटमध्ये नियम लिहायचा म्हणजे काय करायचं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. नियम म्हणजे पायथनमधली एक छोटी फाइल. तिच्यात नियमाची ओळख, एका ओळीतलं वर्णन, मग सविस्तर कारण, आणि शेवटी खुद्द तपासणी. तपासणी मुख्यतः दोन तऱ्हांनी करता येते. एकीत नियमाच्या हातात फाइलीची एकेक ओळ येते. ओळीच्या शेवटी उगाच स्पेस नकोत, हा नियम असा लिहिलेला होता: ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा काढून टाका, उरलेली ओळ मूळ ओळीइतकीच आहे का पाहा, नसेल तर बोट दाखवा. पायथनमध्ये हे एका ओळीत होतं. न दिसणाऱ्या त्या स्पेसमुळे पुढे बदल तपासताना काहीच न बदललेल्या ओळी बदलल्यासारख्या दिसतात आणि खरा बदल त्या गर्दीत लपतो. म्हणून क्षुल्लक दिसणारा हा नियम मी प्रत्येक टीममध्ये आग्रहाने लावतो.

दुसऱ्या तऱ्हेत नियमाच्या हातात ओळ न येता अख्खं काम येतं, म्हणजे यामल वाचून झाल्यावरचा त्याचा अर्थ. माझ्या शून्याचा नियम या जातीचा. इथे एक पेच आहे. यामल वाचून झालं की शून्य कुठे शिल्लक राहतं? ०६४४ लिहिलं असेल तर नियमाच्या हाती ४२० येतं, ६४४ लिहिलं असेल तर ६४४. मूळ अक्षरं गेलेली असतात. मग ओळखायचं कसं? नियम लिहिणाऱ्यांनी इथे मुरलेल्या सिस्टिम ॲडमिनसारखा विचार केला. समजूतदार माणूस कधी कुणाला लिहायला देऊन वाचायला नाकारत नाही. मालकापेक्षा गटाला आणि गटापेक्षा परक्याला जास्त हक्क देत नाही. आलेली संख्या या रीतीत बसत नसेल तर नक्की शून्य राहिलं आहे. माझं १२०४ दोन्ही कसोट्यांवर तिथेच सापडलं असतं. हा कोड वाचताना मला फार आनंद झाला. एखाद्या धंद्यात मुरलेल्या माणसाला 'हे कुठेतरी चुकलंय' असं जे आतून जाणवतं, ते इथे कुणीतरी मोजक्या ओळींत मांडून दाखवलं आहे.

या नियमाची नावंही बदलत गेली. आधी तो नवव्या क्रमांकाचा होता, मग २०२ झाला, पुढे 'जोखमीचा अष्टमान' अशा अर्थाचं इंग्रजी नाव त्याला मिळालं. हा बदल चांगला झाला. '२०२ तुटला' यावरून कुणाला काही कळत नाही, नाव वाचल्याबरोबर चूक कुठे आहे ते सुचतं. नियम लिहिणाऱ्याने नावावर तपासणीइतकाच वेळ खर्च करावा असं माझं मत आहे.

यामलचं आणखी एक प्रकरण सांगायलाच हवं. २००१ मध्ये ही रचना आली तेव्हा तिच्या कर्त्यांनी इंडेंटेशनसाठी टॅबला सरळ बंदी घातली, कारण प्रत्येक संगणक टॅब निराळा दाखवतो. फेल्डमनच्या मित्रांचं देणं तिथे फिटलं. पण दुसरीकडे त्यांनी 'यस', 'नो', 'ऑन', 'ऑफ' हे शब्द खरं-खोटं या अर्थाने घेतले. देशांच्या संक्षेपांची यादी लिहिताना नॉर्वेचा संक्षेप एनओ अवतरणाशिवाय लिहिला की यामलच्या १.१ आवृत्तीत तो देश 'खोटं' होऊन बसतो. २००९च्या १.२ आवृत्तीने हे शब्द वगळले, तरी जुन्या रीतीने वाचणारी हत्यारं आजही सगळीकडे आहेत. यामल तपासणाऱ्या यामललिंटमध्ये यासाठी खास नियम आहे. असे शब्द अवतरणाशिवाय दिसले की तो हटकतो.

पण हाच नियम गिटहबच्या स्वयंचलित कामांच्या फाइलींवर चालवून पाहा. त्या फाइलींत 'केव्हा चालवायचं' हे सांगणाऱ्या किल्लीचं नावच 'ऑन' आहे. फाइल अगदी बरोबर, तरी नियम ओरडतो. यामललिंटच्या कर्त्यांनी किल्ल्या तपासायच्या की नाहीत हे ठरवायची सोय दिली आहे, एखाद्या ओळीपुरतं गप्प करायचीही दिली आहे. जॉन्सनच्या टिपांचीच ती नात.

सगळे नियम मला सारखेच पटतात असं मुळीच नाही. पपेटमध्ये एकाखाली एक येणारे बाण एका रेषेत आणायचा नियम आहे. फाइल देखणी दिसते खरी. पण एक लांब नावाची नवी ओळ घातली की बाकी सगळ्या ओळींचे बाण सरकवावे लागतात, आणि एका ओळीच्या बदलासाठी दहा ओळी बदललेल्या दिसतात. हा नियम मी बंद ठेवतो. ८० अक्षरांपलीकडे ओळ जाऊ नये, हा दंडक १९२८च्या आयबीएमच्या ८० स्तंभांच्या पंचकार्डाचा वारसा आहे. ती कार्डं आज कुणी वापरत नाही. लांब ओळ वाचायला जड जाते हे खरं, पण लांब पत्ता किंवा लांब किल्ली तोडली तर ती वाचताही येत नाही आणि शोधताही येत नाही, म्हणून ही मर्यादा मी सैल ठेवतो.

राहून गेलेल्या शून्याच्या त्या रात्रीनंतर मी आमच्या टीमसाठी पहिला नियम लिहिला. परवानगीचा आकडा अवतरणातच लिहायचा, एवढाच तो नियम. तपासणी तीन ओळींची होती, कारणाचा मजकूर सात ओळींचा. रिव्ह्यू करणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, "एवढं लांबलचक कशाला? पुढचे लोक वाचणार आहेत का?" मी तो कमी केला नाही. वर्षभराने एका नव्या मुलीची पाइपलाइन त्याच नियमावर अडली. ती माझ्याकडे विचारायला आली नाही. तिने ते कारण वाचलं, अवतरण घातलं आणि पुढे गेली.

तुमच्याकडेही अशी एक लिंटची फाइल असेल. तिच्यातला एकेक नियम घ्या आणि तो का आहे हे टीममध्ये विचारा. ज्याचं कारण कुणालाच सांगता येत नाही तो बंद करून पाहा. ज्याचं कारण एकालाच आठवतं, ते त्याच्याकडून आजच लिहून घ्या. तो नोकरी बदलेल, आणि त्या रात्री काय झालं होतं हे त्याच्याबरोबर जाईल.